फितीच्या आत

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुमच्या दोघांच्याही फोनवर गेले दहा दिवस ती बाई एकच सांगते, बंद आहे, बंद आहे. तिच्याशी भांडून काय उपयोग? शेवटी कागद काढला. बाब्या नोकरीवर होता ती एकोणीस वर्षं आम्हा बहीणभावाचं सगळं पत्रांवरच चालायचं, त्यामुळे माझा हात अजून वळणावर आहे.

मी मजेत. दुपारपर्यंत दुकानात शिवण, आणि मंगळवारी-शुक्रवारी त्यानंतर माजी सैनिकांच्या मदत केंद्रात. मागे सांगितलं होतं ना तुला? आधी मला वाटलं, मी शिंपीण, मला तिथे काय काम? पण केंद्र चालवणाऱ्या म्हाताऱ्यांनी माझ्यापुढे पहिल्याच दिवशी चाळीस शर्ट टाकले. हे सैन्यात बिगुल वाजवायचे, म्हणून सगळे त्यांना बिगुलकाका म्हणतात. आयुष्यभर कानाशी पितळ वाजलं, आता ऐकूच येत नाही. बोलायचं तर पाटीवर लिहून. त्यांनी पाटीवर लिहिलं, "एका हाताने घालता येतील असे करा." मग मी बटणं वरच्या वर शोभेला ठेवली आणि आतून वेल्क्रोची चिकटपट्टी लावली. एकाने चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा शर्ट स्वतः घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याची बायको मात्र रडायला लागली. म्हणाली, "बटणं लावायला तेवढी रोज जवळ उभी राहायचे, ते पण गेलं." आता सांग, मी चांगलं केलं की वाईट? मी त्याचा एक शर्ट परत बटणांचा करून दिला, घरात घालायला.

इथली माणसं बघितली की मला बाब्याची आठवण येते, आणि बरं वाटतं. त्याने पूल बांधले. दोन हात, दोन पाय, डोकं जागेवर घेऊन घरी आला. त्याला फौजेत भरती व्हायला मीच पाठवलं होतं, फॉर्मसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. काही झालं असतं तर मी आयुष्यभर माझंच तोंड आरशात बघितलं नसतं.

चिमणीची चाचणी परीक्षा कशी गेली? फोन चालू करा बाई.

तुझी नणंद

१२ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

पत्र पोचलं. यापुढे वरच्या पत्त्यावर, म्हणजे मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवाल का? घराची पत्रपेटी मोडली आहे. माझा फोन पाण्यात पडला आणि ह्यांचा आपोआप बंद पडला. दोन्ही एकदम, तुम्ही हसाल. दुकानातला फोन मालकांचा आहे, त्यावर घरचं बोलणं मला बरं वाटत नाही.

चिमणीला गणितात पैकीच्या पैकी आहेत. हे बरे आहेत. घरातच असतात.

एक विचारायचं होतं. आमच्या समोर एक कुटुंब राहतं. नवरा तोफखान्यात होता, वर्षभरापूर्वी निवृत्त होऊन आला. सुरुवातीचे पाच-सहा महिने ठीक होता. मग एक दिवस त्याने घरातल्या फरशीवर पांढरी फीत चिकटवली. दोन समांतर ओळी, मध्ये दीड हात जागा. एक वाट दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, एक तिथून न्हाणीघरापर्यंत, एक मुलीच्या खोलीत. त्या वाटांवरूनच चालायचं. फितीबाहेर पाय पडला की तो ओरडतो. मारत नाही. ओरडतो आणि भर थंडीत घामाने भिजतो.

त्याची बायको मला विचारत होती, हे बरं होतं का आपोआप? तुमच्या केंद्रात असं कोणी येतं का? तिने काय करावं? तिचं नाव येऊ नये कुठे, एवढंच.

तुमची वहिनी

१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फितीचं वाचून आधी मला हसूच आलं, खोटं कशाला बोलू. कापडावर मी खडूच्या रेघा मारते तशा हा फरशीवर मारतोय! पण मग केंद्रातल्या समुपदेशक बाईंना विचारलं, तर त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तिला सांगा वाद घालायचा नाही, "इथे काही नाही" असं पटवत बसायचं नाही, कारण त्याला ते दिसतंय. आणि बाहेरच्या दाराची एक किल्ली कायम आपल्या जवळ ठेवायची. मुलीचे कागद, दोन कपडे, एका पिशवीत. शेजारी एक तरी माणूस असं हवं ज्याला सगळं माहीत आहे. ते माणूस तू आहेस, म्हणजे तेवढं तरी झालं.

आणि त्याला केंद्रात आणता आलं तर आणा. आपोआप बरं होत नाही, असं त्या म्हणाल्या. उसवलेली शिवण कधी आपोआप जुळते का?

माझ्याकडून तिला एवढं सांग, की इतकं भिऊन राहू नये. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. हे लोक तिकडे इतकी वर्षं धाकात काढून येतात, घरी तरी त्यांना कोणी भ्यायलेलं दिसायला नको. बाब्याला पाठव ना तिच्या नवऱ्याशी बोलायला. एका फौजीचं दुसरा ऐकतो. तसा तो आहेच समजूतदार.

पत्रपेटी त्याला सांग दुरुस्त करायला. पूल बांधणाऱ्या माणसाला एक पेटी जड आहे होय?

नणंद

३ मार्च

ताई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. चिमणीचा हात मोडला आहे, डावा, मनगटाजवळ. खेळताना पडली. काळजी करू नका, प्लास्टर आहे, सहा आठवडे.

समोरच्या बाईला तुमचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, वाद मी घालत नाहीच. पण वाटा कमी होत चालल्या आहेत. स्वयंपाकघरातली आता ओट्यापर्यंत जात नाही, दोन हात आधीच थांबते. ती वाकून, हात लांबवून स्वयंपाक करते. मुलीच्या खोलीतली वाट त्याने गेल्या आठवड्यात काढून टाकली, म्हणजे त्या खोलीत आता जायचंच नाही. मुलगी बाहेर झोपते. सकाळी शाळेत जाताना तो पुढे चालतो आणि मुलीने त्याच्या पावलात पाऊल टाकत फाटकापर्यंत यायचं. फाटकाला त्याने बारीक तार बांधली आहे, गुडघ्याच्या उंचीवर. दप्तर रोज अंगणात लांब ठेवून एका काठीने उघडतो.

तिचा एक प्रश्न आहे. बापाच्या हातून पोराला लागलं, मुद्दाम नाही, तिला वाचवायलाच म्हणून, तर केंद्रवाले पोलिसांना कळवतात का? [खोडलेलं: आमच्या घरात] त्याच्या घरात कोणी येईल का? त्याला नेतील का?

मला सविस्तर कळवा. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुकानात एकटी असते, तेव्हा वाचते.

वहिनी

१० मार्च

वहिनी,

तुझं पत्र शुक्रवारी बिगुलकाकांना दाखवलं. आजवर समुपदेशक बाईंना तोंडी विचारत होते, या वेळी काकांपुढे कागदच केला. त्यांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पाटी ओढून लिहिलं, "पांढरी फीत तोफखान्यात नसते. ही सुरुंग काढणाऱ्यांची असते. साफ केलेल्या जमिनीच्या दोन कडांना लावतात. हा माणूस कुठल्या तुकडीतला?"

मी लिहिलं, तोफखान्यातला. त्यांनी मान हलवली. "नाही. ज्यांनी पूल बांधले, त्यांनीच सुरुंग काढले. तीच तुकडी."

समोरचे शर्ट तसेच राहिले. मग तुझं पत्र परत घेतलं आणि तू खोडलेले दोन शब्द उजेडासमोर धरून वाचले.

वहिनी, ती शेजारीण तूच ना?

मोठं पत्र लिहू नकोस. हो किंवा नाही, एवढंच लिही.

त्याने मला सांगितलं होतं, पूल बांधतो. एकोणीस वर्षं. मी लोकांना सांगत फिरले.

ताई

१५ मार्च

ताई,

हो.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. मालक जेवायला गेलेत.

ते सुरुंग काढत होते हे मलासुद्धा लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या एका मित्राच्या तोंडून. मला म्हणाले, ताईला सांगू नकोस, फॉर्म तिने भरलाय. म्हणून मी गप्प राहिले. मग गप्प राहायची सवय लागली.

फोन त्यांनी काढून घेतले. फोनमुळे स्फोट होतो म्हणतात. दोन्ही फोडून, तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पुरले. पत्रपेटीही त्यांनीच उपटली, आत हात घालायला लागतो म्हणून.

चिमणी खेळताना पडली नाही. मागच्या महिन्यात शनिवारी सकाळी तिची पेन्सिल घरंगळत फितीबाहेर गेली आणि ती उचलायला वाकली. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. एका उडीत येऊन त्यांनी तिला इतक्या जोरात मागे फेकलं की ती कपाटावर आपटली. आणि स्वतः त्या पेन्सिलीवर पालथे पडले, ताई. अंगाखाली घेऊन. डोळे मिटून वाट बघत होते. चिमणी हात धरून रडत होती आणि ते ओरडत होते, "तिला घेऊन मागे हो! मागे हो!" तिला दवाखान्यात नेऊ द्यावं म्हणून त्यांना समजवायला मला दीड तास लागला.

त्या रविवारी दिवसभर ते तिचा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री तेच करतात, अजूनही. वाईट माणूस असता तर मी कधीच निघाले असते.

तुम्ही लिहिलंत, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझ्या घरात ब्रह्मराक्षस आधी आला, ताई, भीती मागून. तुम्हाला बोलून दाखवते असं समजू नका. किंवा समजा. मागच्या वर्षी तुम्ही आलात तेव्हा त्यांच्या पाठीवरून हात फिरवून मला म्हणालात, "त्याला जपत जा." मला कोणी विचारलं नाही.

तुम्ही येऊ नका. पोलीस तर अजिबात नको. अनोळखी माणूस अंगणात आलं तर काय होईल मला सांगता येत नाही. परवापासून ते म्हणतात, फाटकाबाहेरची जमीन आता भरवशाची राहिली नाही. मी म्हटलं, दुकानात जावं लागेल. त्यांनी नुसतं बघितलं.

तुमच्या बिगुलकाकांना विचारा काय करायचं. पण आधी मला कळवा. मला न सांगता काही करू नका, एवढं वचन द्या.

वहिनी

२६ मार्च

आदरणीय ताई,

आपली ओळख नाही. आपल्या वहिनी माझ्या चष्म्याच्या दुकानात सात वर्षं काम करतात. सोबत आपलं १९ तारखेचं पत्र न फोडता परत पाठवत आहे, कारण त्या अठरा तारखेपासून कामावर आलेल्या नाहीत. सात वर्षांत त्यांनी न सांगता एकही सुट्टी घेतली नव्हती.

काल मी त्यांच्या घरी गेलो. फाटकाला आतून तार गुंडाळलेली आहे. मी हाक मारली. त्यांचे पती खिडकीत आले आणि अतिशय हळू आवाजात, अगदी सभ्यपणे म्हणाले, "तिथेच थांबा. आता आलात त्याच पावलांवर मागे जा." मी वहिनींना बोलवा म्हटलं. ते म्हणाले, "हलवता येणार नाही." या वाक्याचा अर्थ काय घ्यावा मला कळलं नाही. मागे मुलगी दिसली, हाताला प्लास्टर. तिने मला ओळखलं, पण हात हलवला नाही.

मी भित्रा माणूस आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून नंबर काढतो. त्या माणसाच्या डोळ्यांत मला बघवलं नाही. पोलिसांत जाणार होतो, पण आपलं परतीचं नाव आणि केंद्राचा शिक्का पाकिटावर पाहिला. आपण सांगाल तसं करतो. दुकानाचा फोन नंबर खाली लिहिला आहे. लाजू नका, कधीही करा.

आपला,
चष्म्याचा दुकानदार

३० मार्च

बिगुलकाका,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. शनिवारी दुपारी दुकानदारांचं पत्र आलं आणि मी तशीच निघाले. मशीनवरचं कापड तसंच आहे. केंद्राचा नियम आहे, एकटीने कोणाच्या घरी जायचं नाही. मी तो मोडला. परत येऊ देणार नसाल तर माझी हरकत नाही. समुपदेशक बाईंना स्टेशनवरून फोन केला होता, आणि त्यांनी सैनिकी रुग्णालयातल्या डॉक्टरांना कळवलं, म्हणून पुढचं निभावलं.

काल सकाळी अकराला पोचले. दुकानदार माझ्याबरोबर आले. "मी भित्रा आहे" असं तीनदा म्हणाले आणि तरी आले. फाटकापासून दारापर्यंत अंगण, वीसएक पावलं, नुसती माती. गवताचं पातं ठेवलं नव्हतं त्याने. मी तार उलगडली, फाटक ढकललं आणि दोन पावलं आत टाकली. हाक मारायच्या आधीच.

दार उघडलं. काका, मी त्याला कडेवर वाढवलंय. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. पण दारात उभा होता तो माणूस मी रस्त्यात ओळखला नसता. गालांची हाडं वर आलेली, आणि चेहरा असा पांढरा.

"ताई," तो म्हणाला, "हलू नकोस. पाय उचलू नकोस. माझ्याकडे बघ."

माझ्या तोंडात आलं होतं, अरे वेड्या, इथे काही नाही. ते गिळलं. म्हटलं, "नाही हलत. तू ये."

तो पोटावर पालथा झाला. हातात लोखंडी सळई, विणायच्या सुईएवढी बारीक. तिरकी जमिनीत खुपसायची, काढायची, बोटभर सरकवायची, परत खुपसायची. वीस पावलं. त्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली, दुकानदारांनी घड्याळात बघितलं.

मी उभी. ऊन डोक्यावर. पहिला अर्धा तास मला त्याची कीव आली. मग पोटऱ्या कापायला लागल्या. आणि मग, खरं सांगते, मला भीती वाटायला लागली. मातीची. त्याच्या सळईचं टोक एकदा दगडाला लागलं, टक् वाजलं, तो गोठला, आणि त्याच्याबरोबर मीही गोठले. मला माहीत होतं दगड आहे. तरी माझी मान ताठ झाली, आणि मी श्वास धरून त्या टोकाकडे बघत राहिले. वहिनी आणि ते पोर बारा दिवस आत काय सोसत असतील ते मला तेव्हा कळलं. पुस्तकात वाचून आणि बाईंचं ऐकून नव्हतं कळलं.

त्याने दगड बोटांनी उकरून काढला, बाजूला ठेवला आणि तोंड मातीजवळ ठेवूनच बोलायला लागला. म्हणाला, "ताई, मी पूल नव्हतो बांधत."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"फीत मी लावायचो. माझ्या मागून एक पोरगा यायचा, बावीस वर्षांचा. त्या दिवशी रीळ संपलं. एक हातभर जागा फितीशिवाय राहिली. मी म्हटलं, दुसरं रीळ आणतो, थांब. तो थांबला होता. पण त्याला वाटलं मी हाक मारली." सळई खुपसली, काढली. "मी हाक मारली नव्हती, ताई. मी शिंकलो होतो."

मागे दुकानदार नाक शिंकरत होते.

तो माझ्या पायांशी पोचला तेव्हा त्याच्या कोपरांतून रक्त येत होतं. चपलेभोवती त्याने चारी बाजूंनी टोचून बघितलं, माझा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "आता उचल." मी पाय उचलला. त्याखाली माती होती. तो तिच्याकडे बघत बसला.

तोवर रुग्णालयाची गाडी कोपऱ्यावर येऊन उभी होती. बाईंनी सांगितल्याप्रमाणे जवळ आली नव्हती. ते मला दिसत होतं, त्याला नाही. मी म्हटलं, "बाब्या, ही वाट तू केलीस. साफ आहे ना?"

"साफ आहे."

"नक्की?"

"ताई, माझी वाट आहे ती," तो जरा चिडून म्हणाला, अगदी पूर्वीसारखा.

"मग त्या दोघींना हिच्यावरून बाहेर आण. आत अजून साफ करायचं बाकी आहे ना? बाहेर मी आहे."

तो विचारात पडला. तो नाही म्हणाला असता तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मग तो उठला. आधी चिमणीला आणलं, पुढे स्वतः, मागे ती, त्याच्या पावलात पाऊल. ती माझ्याकडे धावली नाही. शेवटचं पाऊलसुद्धा मोजून टाकलं, मग माझ्या कमरेला मिठी मारली. दातावर दात वाजत होते तिचे. मग वहिनीला. ती अर्ध्यात थांबली, पाय उचलेना. त्याने मागे वळून हात पुढे केला. तिने तो धरला नाही. एकटीने आली.

दोघी रस्त्यावर पोचल्या आणि तो फाटकात मटकन खाली बसला. डॉक्टर चालत आले, नाव-हुद्दा सांगितला, शेजारी मातीत बसले. बाब्याने सळई पदराने पुसावी तशी सदऱ्याने पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. म्हणाला, "मागचं अंगण राहिलंय, साहेब." डॉक्टर म्हणाले, "लिहून घेतो."

त्याला नेलं. तो माझ्याकडे बघत होता की मातीकडे, कळलं नाही.

दोघींना दुकानदारांच्या घरी ठेवलंय, त्यांच्या पत्नीने वरची खोली रिकामी करून दिली. चिमणीला मी काही दिवस माझ्याकडे आणते.

काका, दर मंगळवारी मी दुसऱ्यांच्या घरच्यांना सांगत होते, अशी लक्षणं दिसली तर लगेच या. माझ्याच भावाच्या बायकोने मला शेजारणीच्या आडून लिहिलं, कारण तिला वाटलं नणंद म्हणून मी भावाचीच बाजू घेणार. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

तुमची शिंपीण

२२ जून

ताई, नमस्कार.

चिमणीचं पत्र वेगळं मिळालं. तिने सगळं तुमच्या मशीनबद्दलच लिहिलंय. अजून तिला तिकडेच राहायचं आहे. राहू दे.

डॉक्टरांनी ह्यांना काल पहिल्यांदा चार तासांसाठी घरी सोडलं. मी गेल्या महिन्यात घरी परतले ते तुम्हाला माहीत आहे. फरशी मीच खरवडली, गुडघ्यावर बसून, तीन दिवस. गोंद निघाला.

तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत, त्याला घरचं वारं लागलं की बरं वाटेल, आत बसव, त्याच्या खुर्चीत. मी ठरवलं होतं तसंच करायचं. खुर्ची पुसून ठेवली होती.

बरोबर चारला रुग्णालयाचा माणूस त्यांना फाटकापर्यंत सोडून गेला. वजन थोडं भरलंय. केस कापलेत. ते फाटकाबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "आत येऊ?"

लग्नाला चौदा वर्षं झाली, ताई. स्वतःच्या घरात शिरताना त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मला "या" म्हणायचं होतं. पण अंगणाच्या त्या टोकाला मी नुसती उभी राहिले. मला चिमणी कपाटावर आपटली तो आवाज ऐकू येत होता. ते बिचारे उभे. शेजारचे बघत होते. मला वाटलं, काय बाई आहे मी, आजारी माणसाला दारात उभं केलंय.

मी म्हटलं, "आज नको."

ते म्हणाले, "बरं."

मग मीच बाहेर गेले. रस्त्यापलीकडे झाडाखाली बाक आहे, तिथे बसलो. चार तास. मधे एक माणूस जाईल इतकी जागा सोडून. एका मोटारसायकलीचा फटाक्यासारखा आवाज झाला तेव्हा दोघेही उडालो आणि एकमेकांकडे बघून हसलोही नाही. ते म्हणाले, "तुला माझी भीती वाटते." मी म्हटलं, "हो." मोठ्याने कोणापाशी पहिल्यांदा म्हटलं. ते म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, सगळं जाणार नाही कदाचित. मग चिमणीच्या हाताचं विचारलं. सरळ होतो का पूर्ण? मी म्हटलं, होतो. तेव्हा ते रडले, पण आवाज न करता, आणि मी तिथून हलले नाही. जवळही सरकले नाही.

आठ वाजता गाडी आली, ते गेले. पुढच्या रविवारी परत चार तास आहेत. मी घरात आले, दार लावलं आणि किती तरी वेळ दाराला पाठ लावून उभी राहिले.

तुमचा भाऊ आहे. तुम्ही त्याला कडेवर वाढवलंत. दारातून परत पाठवला म्हणून तुम्हाला राग येईल, हे धरूनच लिहिते आहे. पण पुढच्या रविवारीही मी "या" म्हणेन असं मला आज सांगता येत नाही.

वहिनी

२६ जून

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. राग पहिल्या वाचनाला आला, खोटं बोलणार नाही. मग चिमणीला विचारलं, रविवारी बाबांना भेटायला जायचं का. तिने मशीनच्या पायपट्टीवरून पाय काढला नाही, मान खाली घालून म्हणाली, "आई म्हणेल तेव्हा." मी बापाबद्दल विचारलं आणि पोरीने उत्तर आईचं दिलं. तिला कळतं ते मला साठीत कळतंय.

खुर्चीचं मी लिहायला नको होतं. तुझं घर आहे, तुझं दार आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येते, एकटी. तू आत बोलावलंस तर आत, बाकावर तर बाकावर. मधली जागा तशीच राहू दे. मी तुझ्या बाजूच्या टोकाला बसेन.

ताई